मेण कुठे जातं

नोटिशीत मेणबत्तीचा उल्लेखच नव्हता. ‘सदर शिक्षिकेने विषयज्ञानाचा अभाव स्वहस्ते लेखी मान्य केला आहे. सबब, त्यांना सेवेत कायम का करावे याचा खुलासा सात दिवसांत सादर व्हावा,’ एवढंच होतं. खाली गोल शिक्का आणि एक सही, घाईत केलेली.

मावशीने तो कागद, तिच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला आलेला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. मी तेव्हा शिकायला तिच्याकडे राहत होते. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि कागद पुन्हा वाचला.

“स्वहस्ते म्हणे,” ती म्हणाली. “बघ कशी अक्कल आहे. जो हात खरं लिहितो, त्यालाच पहिली बेडी.”

काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, वर पाहिलं. त्यांचं चष्म्याचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं, आणि चहाला आत येताना ते नेहमी एखादी फ्रेम हातात घेऊनच येत. “वही त्यांच्याकडे गेलीच कशी?”

मावशीने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, “मीच दिली.”

ती वही काय होती ते आधी सांगायला हवं.

मावशी मुख्याध्यापिका झाली तेव्हा तिला सगळे मोठ्या बाई म्हणू लागले, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही. शाळा दुमजली, लांब व्हरांड्याची. शेजारी लाकडाची वखार. करवत सुरू झाली की वरच्या मजल्यावरचे वर्ग गप्प होत आणि थांबली की पुन्हा बोलू लागत. मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराला डोळ्याच्या उंचीवर एक वाटोळी काच होती. आधीचे मुख्याध्यापक त्यातून व्हरांड्यावर लक्ष ठेवत. मावशीने पहिल्या आठवड्यात दारच काढवलं. शिपाईमामांनी ते वर्षभर जिन्याखाली जपून ठेवलं. “नवे साहेब आले की लागेल,” म्हणाले.

दुसरं काम तिने केलं ते म्हणजे शेवटच्या बाकावर बसण्याचं. रोज एका वर्गात जायची, गुडघे दुमडून त्या बुटक्या बाकात शिरायची आणि मुलं किती प्रश्न विचारतात ते कागदावर रेघा मारून मोजायची. आठवडाभरात प्रश्न निघाले एकेचाळीस. त्यातले छत्तीस ‘पाणी प्यायला जाऊ का’ असे होते आणि दोन ‘समास सोडायचा का’ असे. म्हणजे सहाशे मुलांच्या शाळेत ती आठवडाभर बसली आणि मुलांना जगाबद्दल तीन शंका आल्या.

“पोरं मठ्ठ नाहीत,” ती घरी येऊन म्हणाली होती. “पोरं शहाणी आहेत. त्यांनी बघितलंय की इथे ज्याला येत नाही त्याचा फळ्यापाशी तमाशा होतो. आणि शिक्षकांचं तरी काय वेगळं? चुकलं की मुख्याध्यापकांच्या खोलीत. ज्याला चुकायची भीती, तो पोरांना काय चुकू देणार?”

मग तिचीच एक चूक झाली. परीक्षेचं वेळापत्रक तिने उलटसुलट लावलं. दोन वर्ग भूगोल करून आले आणि पुढ्यात गणिताचा पेपर. मुलं रडली. मावशीने व्हरांड्यातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘वेळापत्रक मी चुकवलं. पेपर परवा पुन्हा होईल. तुमचा काही दोष नाही.’ खाली स्वतःची सही केली. तो फळा वाचायला मुलं दोन दिवस गर्दी करत होती. इतक्या मोठ्या माणसाची चूक त्यांनी एवढ्या मोठ्या अक्षरात कधी पाहिली नव्हती.

तिथून वही आली. एक जुनं हजेरीपत्रक, तपकिरी पुठ्ठ्याचं, अर्धं कोरं. शिक्षकांच्या खोलीत पाण्याच्या पिंपाशेजारी खिळ्याला टांगलं, सुतळीने पेन्सिल बांधली. पुठ्ठ्यावर एकच शब्द: ‘चुकलं’. नियमही एकच. लिहिणाऱ्याला कुणी काही बोलायचं नाही. फार तर ‘मग काय केलंत?’ एवढं विचारायचं.

पहिले दोन महिने त्यात फक्त मावशीचं अक्षर होतं. गणिताचे सर, ज्यांना मुलांनी आणि आता सगळ्यांनीच कंपास म्हणायला सुरुवात केली होती, कारण ते एक पाय रोवून वर्गभर फिरत, ते पाणी पिता पिता ती वाचत आणि म्हणत, “मोठ्या बाई, तुम्ही एवढ्या चुकता, आणि तुम्हाला मुख्याध्यापिका केलं? आम्ही एकदाही चुकलो नाही, आम्ही अजून आहोत तिथेच.”

“तुमच्या चुका तुमच्या विद्यार्थ्यांच्या वहीत असतात, सर,” मावशी म्हणायची. “तिथे लाल शाईत.”

पहिली परकी नोंद शिपाईमामांची होती. ‘काल घंटा दहा मिनिटं आधी दिली. भूक लागली होती.’ त्यावर आठवडाभर सगळी खोली हसली, आणि त्या हसण्यातून बाकीचे आले. भाषेच्या बाईंनी लिहिलं की त्या गेली सहा वर्षं मागच्या रांगेला एकही प्रश्न विचारत नाहीत हे त्यांना आज कळलं. चित्रकलेच्या सरांनी लिहिलं की एका मुलाचं चित्र दुसऱ्याचं समजून त्यांनी बक्षीस दिलं, आणि मग ते दोन्ही मुलांच्या घरी जाऊन आले. मावशीने तीन वर्षांनी पुन्हा बाकावर बसून रेघा मारल्या. आठवड्यात चारशेच्या वर प्रश्न. पाण्याचे तेवढेच, छत्तीस-सदतीस.

तिसऱ्या वर्षी विज्ञानाला नवीन बाई आल्या. वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, म्हणून सगळ्यांच्या धाकट्या बाई. अजून कायम झालेल्या नव्हत्या. त्यांनी लिहिलेली नोंद मला पाठ आहे, कारण पुढे मावशीने ती इतक्या वेळा वाचली.

‘आज सातवीत एका मुलीने विचारलं, मेणबत्ती जळताना मेण कुठे जातं? मी म्हटलं, वितळून खाली. ती म्हणाली, मग खाली मेणबत्तीएवढंच मेण का नाही उरत? मी तिला वेळ घालवू नकोस म्हणून खाली बसवलं. संध्याकाळी पुस्तक उघडलं. मुलगी बरोबर होती. मेणच जळतं. उद्या तिची माफी मागते.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं, “काल मी चुकले, आणि ही बरोबर होती.” मग प्रयोगशाळेतला जुना तराजू टेबलावर मांडला, एका पारड्यात मेणबत्ती, दुसऱ्यात वजनं, काटा मधोमध. मेणबत्ती पेटवली. अर्ध्या तासाने मेणबत्तीचं पारडं आपोआप वर जायला लागलं. हात न लावता. मावशी मागच्या बाकावर होती. “वर्ग असा गप्प होता,” ती म्हणाली, “की करवत सुरू झाली का म्हणून मी खिडकीतून पाहिलं. करवत बंदच होती.”

आता हा सगळा प्रकार कार्यालयात कुणीतरी वाचावा आणि त्यातून ‘विषयज्ञानाचा अभाव’ एवढंच काढावं. दुधातून माशी काढावी आणि दूध ओतून माशी जपून ठेवावी, तसं.

पण वही तिथे गेली मावशीमुळेच. शिक्षणाधिकारी साहेबांसमोर मुख्याध्यापकांची बैठक होती. विषय, शाळेतलं सकारात्मक वातावरण. बाकीच्यांनी फोटो आणले होते. रंगवलेल्या भिंती, त्यावर पिवळी फुलं, ‘चला, हसत शिकूया’ असे फलक, आणि फलकाखाली ओळीने उभी केलेली, हसा म्हटल्यावर हसलेली मुलं. मावशीकडे फोटो नव्हते. तिने पिशवीतून वही काढली आणि दोन नोंदी वाचून दाखवल्या.

साहेब खूश झाले. “वा! हे काहीतरी वेगळं आहे. ठेवून जा बाई, प्रती काढून परत पाठवतो.”

“आणि मी ठेवून आले,” मावशी म्हणाली. “मला अभिमान वाटला गं. शाळेत कुणाला विचारलंसुद्धा नाही.”

वही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली. पहिल्या टेबलाला ती उपक्रम वाटली, दुसऱ्याला पुरावा. दोन्ही टेबलांवरून निघालेल्या कागदांवर सही मात्र त्याच साहेबांची झाली. चौघा कायम शिक्षकांना ताकीद देणारी समजपत्रं आली. धाकट्या बाईंना नोटीस. त्या वहीत मावशीच्या त्रेसष्ट नोंदी होत्या, सगळ्यात जास्त. तिला काहीच आलं नाही.

शाळेत त्या दिवशी पिंपावर पाणी प्यायला कुणी गेलं नाही. खिळा रिकामा होता आणि सुतळी लोंबत होती. मधल्या सुट्टीत कंपास सर खुर्ची ओढून बसले.

“उपाय सोपा आहे,” ते म्हणाले. “लिहून द्या की त्या नोंदी खऱ्या नव्हत्याच. नमुने होते. नाट्यछटा म्हणा. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी रचलेल्या. सगळे सह्या करू. मीही करतो, माझी तर एकही नोंद नाही, माझ्या सहीला वजन आहे.”

कुणी हसलं नाही. उपाय खरंच सोपा होता. मावशी नंतर म्हणाली, “मी हो म्हणणार होते. खरं सांगते. माझ्या मूर्खपणाची किंमत त्या पोरीने का द्यावी?”

पण धाकट्या बाईच म्हणाल्या, “सर, मी त्या मुलीला भर वर्गात सांगितलंय, की मी चुकले होते आणि ती बरोबर होती. आता ते नाटक होतं म्हणून सांगू? ती दुसऱ्या बाकावर बसते. रोज माझ्याकडे बघते.”

“अहो, तिला कोण सांगायला जातंय!”

“मला माहीत असेल ना.”

कंपास सरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “घरी कोण आहे तुमच्या?” त्यांनी विचारलं.

“आई. आणि भाऊ, तो अजून शिकतोय.”

“मग जरा विचार करा, बाई,” ते म्हणाले, पण त्यात नेहमीची धार नव्हती.

सुनावणीला तिघं गेले: मावशी, धाकट्या बाई, आणि शिक्षकांच्या वतीने कंपास सर. खोलीत लांब टेबल, मागे तीन खुर्च्या, मधल्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल. वही टेबलावर होती. तिच्या पानांमधून कागदाच्या चिठ्ठ्या बाहेर आल्या होत्या, आणि धाकट्या बाईंची नोंद कुणीतरी लाल पेनाने अधोरेखित केली होती. हे मला कंपास सरांनी सांगितलं. ते म्हणाले, “इतकी वर्षं मी लाल पेन वापरतोय. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो रंग बघवला नाही.”

साहेब म्हणाले, “हेतू चांगला असेल, बाई. पण कागद तो कागद. ह्यांना सातवीचा धडा येत नव्हता, हे त्यांनीच लिहिलंय.”

“त्याच दिवशी संध्याकाळी आला, हेही त्यांनीच लिहिलंय,” मावशी म्हणाली.

“ते नंतरचं झालं.”

“शिकणं नंतरचंच असतं, साहेब. आधी येत असतं तर शाळा कशाला काढल्या असत्या?”

साहेबांच्या डावीकडचा सदस्य खोकला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. तेव्हा मावशीने पिशवी उघडली आणि एक मेणबत्ती टेबलावर उभी केली. ती हे करणार आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, काकांनासुद्धा.

“एवढंच सांगा,” ती म्हणाली. “ही जळताना मेण कुठे जातं?”

“म्हणजे?”

“साधा प्रश्न आहे. सातवीचा.”

साहेब हसले. “वितळतं, बाई. खाली जातं. लहान मूल सांगेल.” उजवीकडच्याने मान हलवली. डावीकडचा म्हणाला, “बशीत साठतं. काढून पुन्हा वापरता येतं.”

“तिघांचं एकच उत्तर,” मावशी म्हणाली. “आणि तिघांचंही चूक. नोटीस कुणाच्या नावाने काढू? तुमची सही तर ओळखीची झालीय.”

आणि ती हसली. मोठ्याने, मान मागे टाकून, शिपाई दारातून डोकावेपर्यंत.

कंपास सर ही गोष्ट सांगताना दरवेळी इथे टाळी वाजवत. मलाही पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा आला होता. ज्या माणसाने न वाचता सही केली, त्याला कुणीतरी आरसा दाखवायलाच हवा होता. आजही मला तो आरसा चुकीचा वाटत नाही.

पण साहेबांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. सुनावणी तिथेच संपली. निकाल पंधरा दिवसांत आला. धाकट्या बाईंची सेवा ‘समाधानकारक नसल्याने’ सत्र संपताच समाप्त. मुख्याध्यापिकेच्या गोपनीय अहवालात ‘वरिष्ठांशी उद्धट वर्तन’ अशी नोंद.

काही आठवड्यांनी मावशी तो निकाल घेऊन पुढच्या खोलीत काकांसमोर बसली होती. काका एका भिंगाची कड घासत होते.

“मी ती बाजी जिंकली म्हणून ती पोरगी हरली,” ती म्हणाली.

“तू ती जिंकायला गेलीच नव्हतीस.”

“गेले होते. मेणबत्ती काय आपोआप पिशवीत आली? तो चुकला, आणि मी चारचौघांत हसले त्याला. माझ्या शाळेत एखाद्या शिक्षकाने पोराला असं केलं असतं तर मी काय म्हटलं असतं?”

“काय म्हटलं असतंस?”

“मग काय केलंत, म्हणून विचारलं असतं.” तिने डोळे पुसले. “काहीच करता येत नाहीये हो. तीन अर्ज केले. भेटायला गेले, माफीसुद्धा मागितली. दोन तास बाकावर बसवून ठेवलं आणि म्हणाला, बाई, आता फाइल बंद झाली.”

सत्राच्या शेवटच्या दिवशी धाकट्या बाई तराजू पुसून कपाटात ठेवून गेल्या. सातवीतल्या त्या मुलीने मावशीला गाठून विचारलं, “आमच्या बाई चुकल्या म्हणून गेल्या का?” मावशीने सहाशे मुलांच्या शाळेत, इतक्या वर्षांत, पहिल्यांदा एका प्रश्नाचं उत्तर न देता वाट बदलली. त्या मुलीने त्यानंतर पूर्ण वर्षात वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. पाण्याचाही नाही. ही हानी कुठल्या टेबलावर नोंदवायची? तिचा कोणता नमुना आहे, कोणता शिक्का?

आणि मग, पुढच्या सत्रात, परिपत्रक आलं.

मी ते स्वतः वाचलं, म्हणून सांगते. सगळ्या शाळांसाठी होतं. ‘सकारात्मक अध्ययन संस्कृतीच्या दृढीकरणासाठी प्रत्येक शाळेने शिक्षकांची चूक-नोंदवही ठेवावी. दर आठवड्यास किमान पाच नोंदी आवश्यक. नोंदवही दरमहा कार्यालयाकडे तपासणीसाठी सादर करावी.’ सोबत छापील नमुना, चार रकान्यांचा: चूक, कारण, सुधारणा, सुधारणेचा दिनांक. उपक्रमाची संकल्पना म्हणून साहेबांचं नाव होतं. खाली तीच घाईतली सही.

काकांनी परिपत्रक भिंगाखाली धरलं. “मला वाटलं मीच चुकीचं वाचतोय,” ते म्हणाले.

शेजारच्या शाळांनी वह्या भरल्या. मावशीने त्यातली एक बैठकीत चाळली. ‘डस्टर हातातून पडला.’ ‘खडू संपल्याचे वेळेत लक्षात आले नाही.’ ‘विद्यार्थ्यांवर अतिप्रेम केले.’ पाचाला पाच, आठवड्याला आठवडा. सगळीकडे सुधारणेचा दिनांक भरलेला, आणि तपासणीची बरोबरची खूण.

आमच्या शाळेत छापील वही त्याच खिळ्याला टांगली गेली. तीन आठवडे कोरी. भाषेच्या बाई म्हणाल्या, “मोठ्या बाई, रागावू नका, पण मला आता माझ्या मुलांच्या वह्या तपासतानासुद्धा हात आखडतो.” मावशी रागावली नाही. कुणावर रागवायचं हे तिला नीट माहीत होतं.

महिनाअखेरीला तिने वही घेतली, छापील रकाने पट्टी लावून पाहिले, आणि एक नोंद केली.

चूक: शिक्षकांनी विश्वासाने लिहिलेली वही त्यांना न विचारता कार्यालयास दिली, आणि कार्यालयातील एका अधिकाऱ्याच्या चुकीला सगळ्यांसमोर हसले.

कारण: कार्यालय ती वही वाचेल असे वाटले. नंतर राग आला.

सुधारणा: विज्ञानाच्या शिक्षिकेस सन्मानाने परत घेणे.

चौथा रकाना तिने कोरा सोडला.

“हे पाठवणार?” कंपास सरांनी विचारलं. “अजून एक शेरा येईल.”

“येऊ दे. निवृत्तीला चार वर्षं आहेत. अठ्ठेचाळीस महिने. दर महिन्याला हीच नोंद जाईल.”

“पाच लागतात. किमान.”

“ही एकच पाचांना पुरेल.”

कंपास सर पिंपापाशी गेले, पेलाभर पाणी प्यायले, परत आले. त्यांनी खिशातून पेन काढलं. लाल होतं, ते परत ठेवून त्यांनी सुतळीची पेन्सिल ओढली. मावशीच्या नोंदीखाली, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी लिहिलं: ‘एका खऱ्या शिक्षिकेला खोटं बोलायचा सल्ला दिला.’ कारण आणि सुधारणेच्या रकान्यांत ‘वरीलप्रमाणे’. मग चौथ्या रकान्याशी थांबले.

“इथे काय लिहायचं?”

“ते आपण नाही भरायचं,” मावशी म्हणाली. “तारीख त्यांनी टाकायची आहे.”

वही दर महिन्याला जाते. तपासणीची खूण होऊन परत येते, बाकीच्या शाळांसारखीच. चौथा रकाना कोराच असतो. मावशी पान उलटते, पट्टी ठेवते आणि तीच नोंद पुन्हा लिहायला घेते.